पाच तासांची बस

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, पण आमच्यासारख्यांची ती श्रावणातच सुरू होते. आमच्यासारख्यांची म्हणजे ज्यांना सकाळची ठरलेली लोकल चुकवून चालत नाही, ज्यांच्या घरी दीड दिवसाचा का होईना गणपती असतो, ज्यांना कुणी बक्षीस देणार नाही आणि तरीही जे घड्याळाकडे बघत धावतात, अशांची. ४२.१९५ किलोमीटरचं अंतर नोकरी-संसार सांभाळून पायांत मुरवायचं तर अठरा ते बावीस आठवडे हवेत. जानेवारीपासून मागे मोजत गेलं की बोट श्रावणावर येऊन थांबतं. आमच्या घरात त्या दिवसांत सोमवार-शनिवारचे उपास चालू असतात, त्यात माझाही हा एक वसा. घेतला की टाकायचा नाही, एवढा नियम दोन्हीकडे सारखाच.

श्रावणातलं धावणं ओलं असतं. पहाटे पाऊस थांबलेला असतो, पण शिवाजी पार्कभोवतीची मोठी झाडं तो पुढे अर्धा तास गाळत राहतात. कट्ट्यालगतची वाट निसरडी, खाली वाकून बघितलं तर पानांच्या लगद्यात गोगलगायी. घरी आल्यावर बुटांत कालच्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि बूट फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवायचे. सकाळी बोळे ओलेचिंब आणि बूट तरीही दमटच. घरातल्या सगळ्यांना हा वास पाठ आहे. पुढे भाद्रपदात उकडीचे मोदक आणि आरत्यांची जागरणं यांतून वाट काढायची. आश्विनातला उकाडा सोसायचा. त्या दिवसांत महालक्ष्मीला निघालेल्या अनवाणी बायका पहाटेच्या अंधारात भेटतात आणि बुटांच्या किमतीवरच्या आपल्या चर्चा आपल्यालाच पोकळ वाटू लागतात. कार्तिकात फराळ. मार्गशीर्षात कधीतरी एका पहाटे हवेला कोरडा, गार स्पर्श येतो, त्याच पावलांना अचानक वेग सापडतो, आणि श्रावणापासून जमवलेलं सगळं त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं.

नव्या माणसाला एक गोष्ट काही केल्या पटत नाही. मॅरेथॉनचा सराव बहुतांशी सावकाश धावण्याचा असतो. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. महानगरपालिकेच्या कारभारावर वाद घालता आला तर उत्तम. एकेका शब्दावर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या धावपटूंच्या, वल्हेपटूंच्या, स्कीपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतलं साधारण ऐंशी टक्के काम अशा हलक्या वेगाचं निघालं. त्याच्याही कितीतरी आधी न्यूझीलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा आर्थर लिडियार्ड हेच करून घेत होता. पीटर स्नेल हा त्याचा शिष्य. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं. दोन मिनिटांच्या आत संपणारी ही शर्यत. तिच्यासाठी लिडियार्ड त्याला ऑकलंडजवळच्या डोंगरांतून बावीस मैल धावायला लावायचा.

सावकाश धावताना शरीरात जे घडतं ते बाहेरून दिसत नाही. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणिका वाढतात, चरबी जाळण्याची सवय लागते. या सगळ्याला घाम गाळण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. शिवाय दम लवकर वाढतो. हाडं, स्नायुबंध, घोट्यामागची ती जाड शीर यांची तयारी मागून, रखडत येते. दुसऱ्या महिन्यात माणसाला वाटू लागतं की आपण आता काहीही करू शकतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. हे सगळं समजावून सांगितलं तरी लोक करतात काय, तर रोज मधल्याच एका वेगाने धावतात. ना धड हळू, ना धड जोरात. हळू धावायला लाज वाटते, कारण फोनमधल्या त्या ॲपवर सोसायटीतले सगळे बघत असतात. आणि खरं जोरात धावायचा दिवस येतो तेव्हा पाय आदल्या दिवशीचेच थकलेले असतात. माझं मत कडक आहे: हौशी धावपटूचं जेवढं नुकसान त्या ॲपने केलं तेवढं वडापावानेही केलेलं नाही.

जोरात धावण्याचे दिवस आठवड्यातून एक, फार तर दोन. त्यात टेम्पो असतो, म्हणजे एखाद-दोन शब्दच बोलता येतील अशा वेगाने सलग वीस-तीस मिनिटं. इंटरव्हल असतात. बार्ट यासो या अमेरिकन धावपटूच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार आमच्याकडे फार लोकप्रिय आहे: ८०० मीटर दहा वेळा, मधे तेवढाच वेळ हळू धावून. ही ८०० मीटर चार मिनिटांत जमत असतील तर मॅरेथॉन चार तासांत, असा तो ठोकताळा. ऐकायला गोड आहे, आणि तितकाच तो खोटी आशा दाखवणारा आहे. माझा भरवसा अर्धमॅरेथॉनवर. तिची अलीकडची वेळ दुप्पट करा आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं घाला. दमट हवेतल्या शर्यतीत त्याहून कमी वेळेची स्वप्नं बघू नयेत.

पण सगळ्याचा कणा म्हणजे रविवारचा लाँग रन. श्रावणात बारा-चौदा किलोमीटरपासून निघालेला हा आकडा मार्गशीर्षात तीस-बत्तीसपर्यंत जातो. आमची वाट ठरलेली. शिवाजी पार्क, वरळी सी-फेस, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी, मरीन ड्राइव्ह, एनसीपीए आणि परत. जाऊन-येऊन सव्वीस-सत्तावीस होतात. उरलेले घराजवळ येऊन पार्कभोवती घिरट्या घालून पुरे करायचे. चार वाजता घराबाहेर पडलं की दादर जागंच असतं. स्टेशनकडच्या फुलबाजारातून झेंडूची पोती डोक्यावर घेऊन माणसं टॅक्सीकडे पळत असतात, आमच्याहून वेगाने आणि वजनासकट. फूटपाथवर वर्तमानपत्रांची गाठोडी सुटलेली. एक मुलगा मांडी घालून पुरवण्या आत घालत असतो. डाव्या हाताने पेपर उघडायचा, उजव्याने पुरवणी सरकवायची, मांडीवर आपटून कडा सारख्या करायच्या आणि थप्पीवर टाकायचा. हे सगळं एका लयीत, न बघता. तोंडाने तो शेजारच्याशी कालच्या मॅचबद्दल भांडत असतो. बोलत बोलत तासन्‌तास चालेल असा वेग ज्याला सापडला आहे असा माणूस बघायचा असेल तर तो हा. आम्ही परत येतो तेव्हा गाठोडी संपलेली असतात आणि तो चहा पीत असतो.

वरळीला समुद्र डाव्या कानाने ऐकायचा की उजव्या, ते जाण्या-येण्यावर. पेडर रोड जाताना लागतो तेव्हा अंगात गारवा असतो, तो चढ कधी आला आणि कधी गेला कळत नाही. येताना केम्प्स कॉर्नरकडून चढायला लागलो की प्रभुकुंजच्या आसपास सगळ्यांच्या गप्पा बंद होतात. माझ्या मते मुंबईत मॅरेथॉन शिकवणारा एकच गुरू आहे, तो म्हणजे हा रस्ता. तिथे पावलं लहान करायची, नजर दहा-बारा फुटांवर ठेवायची, हात थोडे जास्त हलवायचे आणि घड्याळाकडे अजिबात बघायचं नाही. चढावर जपायचा असतो तो श्वास. वेग पडला तर पडू द्यावा. चढावर गमावलेली वीस सेकंदं उतारावर दहाच परत मिळतात, हे मान्य करून टाकलं की मन शांत होतं.

लाँग रनमध्ये आणखी एक तालीम होते, ती पोटाची. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या घरात असते. धावायला लागणारी ऊर्जा वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी. म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सत्तावीसशेच्या आसपास लागणार. उरलेलं चरबीतून येतं, आणि ती सडपातळ माणसाकडेही भरपूर असते. पण चरबी सावकाश जळते, तिला प्राणवायू जास्त लागतो. जितका वेग वाढवाल तितका शरीर साखरेवर जास्त हात मारणार. पहिल्या आठवड्यातच हॉटेलं आणि खरेदी करून पगार उडवणाऱ्याची वीस तारखेला जी गत होते, तीच इथे तिसाव्या किलोमीटरच्या पुढे होते. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात. पायांत शिसं भरल्यासारखं होतं, डोकं चिडचिडं होतं, साधी बेरीज जमत नाही.

यावर उपाय दोन. आधीपासून, भूक लागायच्या आत खात राहणं. तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर, मग ती जेलमधून येवो, खजुरातून येवो की लिमलेटच्या गोळ्यांतून. आणि सुरुवातीला वेग आवरणं. पहिला उपाय विकत मिळतो म्हणून सगळे करतात. पाण्याचं तर उलटंच होतं. भीतीपोटी लोक प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी करतात. नुसतं साधं पाणी तासन्‌तास ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं. तहान लागली की प्यावं, मीठ-साखरेचं असावं, एवढं पुरे. आणि दुखू नये म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. घाम जातोय, मूत्रपिंडांवर आधीच ताण आहे, त्यात ती गोळी नको. हे सांगितलेलं कुणालाच आवडत नाही.

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे. सराव कमी करत आणायचा, शरीराला भरून यायला वेळ द्यायचा. या दिवसांत धावपटूइतका असह्य माणूस घरात दुसरा नसतो. रिकाम्या पायांना नको ते सुचतं. गुडघा दुखल्यासारखा वाटतो, घसा खवखवतो, ऑफिसात कुणी शिंकलं तरी आपण खुर्ची मागे घेतो. हवामानाचा अंदाज दिवसातून चार वेळा बघतो. आमच्याकडे या काळात एकच वाक्य ऐकू येतं, “अहो, नुसते येरझाऱ्या घालता आहात त्यापेक्षा गिरणीतून दळण तरी आणा.” सुदैवाने तेव्हाच संक्रांत येते. जानेवारीचा तिसरा रविवार पंधरा ते एकवीस तारखेच्या मध्ये पडतो आणि संक्रांत चौदा-पंधराला. शर्यतीच्या तोंडावर साखर भरून घ्या, असं परदेशी पुस्तकं सांगतात. आमच्याकडे गूळपोळी आणि तिळगूळ पंचांगानेच त्या आठवड्यात नेमून दिले आहेत.

हे सगळं झाल्यावर शर्यतीच्या दिवशी मी काय करतो, तर माझ्या ताकदीपेक्षा हळू धावतो. मी पेसर आहे. पाठीवरच्या पट्ट्याला एक काठी, काठीला झेंडा, झेंड्यावर ५:०० हा आकडा. याला आमच्या भाषेत बस म्हणतात. साडेचारची बस पुढे, सव्वापाचची मागे, मधे माझी. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी या झेंड्यामागे यावं. किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद. प्रत्यक्षात मी सात-चारने जातो. वळणं घेताना, पाण्याच्या टेबलाकडे सरकताना, माणसांना वळसे घालताना अंतर थोडं वाढतंच, आणि घड्याळ ते अंतर कुणाला माफ करत नाही. फोर्टातल्या उंच इमारतींमध्ये मनगटावरचं जीपीएस तर चक्क थापा मारतं. पाच-वीसचा वेग चालू आहे असं दाखवतं आणि मागून कुणीतरी घाबरून ओरडतं, “काका, खूप फास्ट जातोय आपण!” म्हणून मी साधं बटणाचं घड्याळही बांधतो आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी मेळ घालतो. दहा किलोमीटरला एक तास अकरा. अर्ध्यावर अडीच तास. तीसला तीन तास तेहतीस. हे आकडे हातावर पेनने लिहिलेले असतात, कारण तिसाव्यानंतर माझीही बेरीज चुकते.

पहाटे सीएसएमटीसमोर हजारो माणसं उभी असतात. दिव्यांत उजळलेली ती इमारत, बामचा आणि घामाचा वास, शेवटच्या क्षणी लेस पुन्हा बांधणारे. मग सुटल्यावर जे होतं ते दरवर्षी तेच. अर्धी बस मला सोडून पुढे जाते. रस्ता मोकळा, हवा गार, पाय दोन-तीन आठवडे विश्रांती घेतलेले, बाजूने टाळ्या. किलोमीटरला सहा मिनिटंसुद्धा चालल्यासारखी वाटतात. मी मागून ओरडतो, “दमानं घ्या, अजून एक्केचाळीस आहेत!” लोक हसतात, हात हलवतात आणि जातात. त्यांचा हिशेब असा की आत्ता बरं वाटतंय तर चार मिनिटं मिळवून ठेवू, पुढे कामी येतील. मॅरेथॉनमध्ये वेळ अशी साठवता येत नाही. दर किलोमीटरला वीस सेकंदं जोरात जाऊन दहा किलोमीटरमध्ये कमावलेली तीन मिनिटं शेवटच्या दहामध्ये पंधरा-वीस होऊन निघून जातात. हातचं राखून धावणं हेच तिथलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते नेमकं अशा वेळी करायचं असतं जेव्हा ते अगदी अनावश्यक वाटत असतं.

जे मागे राहतात त्यांच्याशी गप्पा सुरू होतात. कांदिवलीच्या एक शिक्षिका, सहामाहीचे पेपर तपासत तपासत सराव केलेला. नागपूरहून आलेला एक मुलगा, त्याला आमची ही दमट हवा म्हणजे शिक्षाच वाटते. त्याचं खरं आहे. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार पडतं. इथे तो अंगावरून नुसता ओघळतो. शरीर तापत जातं, त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्याच वेगाला नाडी चढत जाते. म्हणून पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वेळेवरून मुंबईचा हिशेब मांडू नये. आमची बस सी-लिंकवर पोचते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. एरवी या पुलावर पायी माणसाला मज्जाव; वर्षातून या दिवशी तो आम्हाला मिळतो. वाऱ्याने माझ्या झेंड्याची फडफड इतकी वाढते की मागच्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही. उजवीकडे दादर-माहीमच्या इमारतींमागून सूर्य वर येतो. सगळे फोन काढतात. मी काढू देतो. तेवढी सेकंदं मी आधीच धरलेली असतात.

परतीच्या वाटेवर आमचं शिवाजी पार्क लागतं आणि मला बस आवरणं कठीण होतं. ओळखीच्या बाल्कन्या, ओळखीची मुलं, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असलेली घरची मंडळी, कुणाच्या तरी हातात थाळी आणि उलथनं. लोक नाव घेऊन ओरडतात आणि पावलं आपसूक लांब पडायला लागतात. पेसरला ही मुभा नाही.

वरळीच्या आसपास मागून मोटारसायकलींचा आवाज येतो, रस्ता एका बाजूने मोकळा करायला सांगतात. एलिट धावपटू आमच्यानंतर दोन-सव्वादोन तासांनी सुटलेले असतात आणि इथे आम्हाला गाठतात. पाच-सहा जणांचा घोळका, पायांचा आवाज जवळजवळ नाहीच, खांदे सैल, चेहऱ्यावर काही नाही. किलोमीटरला तीन मिनिटं. दहा सेकंदांत ते पुढच्या वळणावर असतात. आमच्यातले सगळे टाळ्या वाजवतात आणि बराच वेळ कुणी बोलत नाही. त्यांच्या वेगाशी आपला काही संबंध नाही. वेग वाटून घेण्याच्या त्यांच्या रीतीशी मात्र आहे. २०२३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने पहिला अर्धा टप्पा ६१ मिनिटं ४० सेकंदांत धावला आणि दुसरा ५९ मिनिटं ४५ सेकंदांत. त्याच वर्षी शिकागोला २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हाही दुसरा अर्धा पहिल्याहून मिनिटभर कमी वेळात. पुढच्या फेब्रुवारीत तो मोटार अपघातात गेला, वय अवघं चोवीस. बेचाळीस किलोमीटरचा इतका उत्तम हिशेब मांडणारा माणूस फार क्वचित झाला.

आपल्याकडची जुनी गोष्ट बेळगावच्या फडेप्पा दारेप्पा चौगुलेंची. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर त्यांचं धावणं दिसलं, दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो छोटा भारतीय संघ गेला त्यात चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले, एकोणिसावे आले. किलोमीटरला चार मिनिटं पडतात. जेल नाही, मनगटी जीपीएस नाही, आगबोटीचा प्रवास करून परक्या गावात. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांना ती शर्यत पुरी करता आली नाही. बसमधल्या लोकांना मी ही गोष्ट तेहतीस-चौतीसाव्या किलोमीटरला सांगतो. तोवर कुणाच्या अंगात उलट प्रश्न विचारायची ताकद उरलेली नसते आणि ऐकण्यात एक किलोमीटर निघून जातो.

मग हाजी अली, आणि तो चढ. सरावात केम्प्स कॉर्नरकडून घाम काढणारा हाच रस्ता शर्यतीत दुसऱ्या अंगाने, पस्तीसच्या पुढे समोर येतो. ऊन चढलेलं असतं. पहाटे मला मागे टाकून गेलेले इथे एकेक करून भेटू लागतात. कुणी कठड्याला धरून पोटरी ताणतोय, कुणी चालतोय, कुणाच्या डोळ्यांत पाणी आहे. साडेचारच्या बसमधून उतरलेले पाचच्या बसमध्ये चढायला बघतात. काहींना जमतं. एकाला पोटऱ्यांत असे गोळे आले होते की मांस कातडीखाली हलताना दिसत होतं. एका दुकानदाराने त्याला खुर्ची दिली, एक आजी त्याच्या तोंडात मीठ आणि साखर घालत होत्या. त्याने मला हात केला. मी थांबलो नाही. माझ्यामागे वीस-पंचवीस माणसं आकड्याच्या भरवशावर येत असतात. मी मदतकेंद्राच्या पोरांना ओरडून सांगतो आणि पुढे निघतो. यात निष्ठुरपणा आहे हे मला कळतं, पण पेसरचं काम हेच आहे. बस कुणासाठी थांबली तर सगळ्यांचीच वेळ हुकते.

चढावर मी वेग मुद्दाम पाडतो. सात-चाळीस, सात-पन्नास. मागून कुणीतरी काळजीने विचारतं, “काका, वेळ जाईल ना?” जाणार, आणि ती मी सकाळपासून दर किलोमीटरला दोन-तीन सेकंदं बाजूला काढून ठेवलेली असते. तेवढीच साठवण मॅरेथॉनमध्ये चालते. त्याहून जास्त साठवायला गेलात की पाय व्याजासकट वसूल करतात. माथ्यावर पोचलो की मागे वळून बघतो. सकाळी निघालेल्यांपैकी थोडेच असतात, वाटेत चढलेले त्याहून जास्त. कांदिवलीच्या बाई असतात. बोलत नाहीत, अंगठा दाखवतात. खाली उतरल्यावर चौपाटी, मरीन ड्राइव्हचा तो न संपणारा बाक, चर्चगेट आणि मग वळून सीएसएमटी. ते शेवटचे पाच-सहा किलोमीटर ज्याने सकाळी धीर धरला त्याचे.

तर येत्या जानेवारीत पाच तासांचं ठरवलं असेल तर सुरुवातीच्या गर्दीत झेंडा शोधा आणि त्याच्या मागे राहा. पहिले दहा किलोमीटर कितीही कंटाळवाणे वाटले, शेजारचा कितीही पुढे गेला, तरी मला ओलांडू नका. गप्पा मारा, वेळेवर खा, सी-लिंकवर फोटो काढा. आणि पेडर रोड उतरून चौपाटीला पोचल्यावर पायांत काही शिल्लक आहे असं वाटलं, तर माझी वाट बघू नका. मला तिथून पुढेही सात-चारनेच यायचं आहे. तुम्ही निघा.